स्कोअरबुक, कसबे डिग्रज

मी चित्रकलेचा मास्तर.
अक्षर बरं आहे म्हणून
खेळाच्या सरांनी वही माझ्यापुढं सरकवली,
तेव्हापासून बावीस वर्षं स्कोअरर.
बॅट एकदाही हातात धरलेली नाही.

पहिल्या वहीत:
प्रणोती मगदूम, नववी ब. आडनावात खाडाखोड.
पहिल्या आठवड्यात चार वेळा स्ट्राइकआउट.
बॅट शाळेची, एकुलती,
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
ती फिरायची तेव्हा वाऱ्याचा आवाज यायचा,
चेंडूचा नाही.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर,
चेंडू रस्ता ओलांडून
उगारेंच्या खळ्यावर, वाळत घातलेल्या हळदीत.
उगारेअण्णा काठी घेऊन तरातरा आले,
पिवळाधमक चेंडू परत दिला
आणि काठीवर हनुवटी टेकून
डाव संपेपर्यंत उभे राहिले.
होमरन झाला की चौकोनातला हिरा आतून भरायचा असतो.
मी भरला. जरा जास्तच नीट भरला.

पुढं वह्या वाढत गेल्या.
मिरज तालुका: चार सामने, नऊ हिट.
विभागाला कोल्हापूर. एसटीत उलट्या, मैदानात दोन ट्रिपल.
राज्याला जळगाव. दोन सामने राखीव,
तिसऱ्यात कुणाचा तरी घोटा मुरगळला म्हणून आत आली
ती परत बाकावर गेलीच नाही.
राष्ट्रीयला अनंतपूर.
तिथली तांबडी माती तीन धुण्यांतही
मोज्यांतून निघाली नाही, तिची आई सांगत होती.
वहीत त्याला रकाना नाही.

त्यानंतरच्या वह्या मी फोनवर भरल्या.
"सर, पेन्सिल घ्या," म्हणायची,
आणि चेंडू चेंडू सांगत जायची,
किराणा लिहून द्यावा तशी.

मधलं एक पान राहिलं.
जिल्हा निवड चाचणी, सांगली.
तेरा वेळा बॅट, पाच हिट. तीनशे पंच्याऐंशी.
सहावा फटका सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात गेलेला,
तासगावच्या पोरीनं सोडला.
नियमानं ई-सहा. क्षेत्ररक्षकाची चूक, हिट नव्हे.
मी हिट लिहिलं. निळ्या शाईत.
तीनशे पंच्याऐंशीचे चारशे बासष्ट झाले.
यादीत शेवटचं नाव प्रणोतीचं.
तिच्याखाली कोण राहिलं ते मी बघितलं नाही.
बघितलं. कांचन ऐनापुरे, आष्टा.

परवा तैवानहून फोन आला,
डेअरीत दूध घालायच्या वेळेला.
छातीवर भारत. तीन सामने, सात वेळा बॅट.
सहा बाद तिनं भराभर सांगितले.
"सातवा शॉर्टला गेला सर, तिच्या हातनं निसटला.
इथं बोर्डावर हिट दाखवलंय.
तुम्ही ई-सहा लिहा."
म्हटलं, अगं, बोर्डावर आहे ना?
इथं चौकात फ्लेक्ससुद्धा लागलाय तुझा.
"असू दे. चेंडू किती वेळ हातात होता
ते मी पळता पळता बघितलंय."

पेन्सिल थांबली.
ते दुसरं पान तिला ठाऊक आहे का,
मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.
मागं कुणीतरी परक्या भाषेत
कसलीतरी घोषणा करत होतं.
ई-सहा लिहिलं. सातात शून्य.
"लिहिलंत?" म्हणाली. "जेवून घ्या मग."

काल कपाटातून जिल्ह्याची वही काढली.
शाई रबरानं जात नाही,
ब्लेडनं खरवडली की कागद फाटतो,
हे मीच पोरांना शिकवत आलोय.
म्हणून समासात, बारीक, लाल पेननं: ई-सहा.
खाली सही. खाली आजची तारीख,
चौदा वर्षं उशिराची.

आष्ट्याची एसटी साडेदहाला आहे.
कांचन ऐनापुरे आता तिथं असते की नाही,
माहीत नाही.
वही पिशवीत घातली आहे.